‘सळ्या वर सोडा, मजला नंतर चढवा’ : हा हिशेब कुठे चुकतो

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला थोडक्यात असा : ‘आत्ता ४०० चौरस फूट बांधा. पाया तीन फूट पुरे. कॉलमच्या सळ्या दोन फूट वर सोडा. जिना, परवानगी सगळं नंतर बघू. पैसे आले की वर दोन मजले चढवा. इंजिनीअरला पैसे कशाला?’

लहान घर बांधून ते पुढे वाढवायचं, यात काहीच गैर नाही. नाशिकच्या सिडकोत फिरा. मूळ घर किती आणि वाढीव किती, हे बाहेरून ओळखता येत नाही. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशींनी ऐंशीच्या दशकात हेच आधी ठरवून केलं. जोतं, संडास-न्हाणी, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय आधी. खोल्या ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. जे नंतर बदलता येत नाही ते पहिल्या दिवशी करायचं. हा मेसेज नेमकं तेच पुढे ढकलायला सांगतो.

‘तीन फूट पाया पुरे.’ नाशिकच्या मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडे शेतांतून प्लॉट पडलेत. अशा जमिनीत काळी माती लागली की ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर टेकलेलं फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद तळ) दरवर्षी वरखाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी भेग बहुतेक वेळा इथूनच आलेली असते. त्यामुळे पायाची खोली फुटांत ठरवू नका. पक्का मुरूम लागेपर्यंत खणा आणि त्यात आणखी फूटभर जा. काळी माती आठ-दहा फूट निघाली तर साधं फुटिंग महाग पडतं, तिथे पाइलचा (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) विचार करावा लागतो. खणलेली काळी माती जोत्यात परत भरू नका (ठेकेदाराला हा मोह हमखास होतो). मुरूम आणा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून ठोका.

पायाच्या खोलीइतकंच महत्त्व फुटिंगच्या रुंदीचं. दहा-दहा फुटांवर कॉलम असतील, तर मधल्या कॉलमवर प्रत्येक स्लॅबमागे ढोबळ ११ टन येतात. पक्क्या मुरमाची ताकद चौरस मीटरला २० टन धरली, तर एका स्लॅबला अडीच-पावणेतीन फुटांचं चौरस फुटिंग चालतं. तीन स्लॅबना साडेचार फुटांचं लागतं. नऊ कॉलमच्या घराला या फरकाचं जास्तीचं काँक्रीट चार घनमीटरच्या आत, म्हणजे दीड ब्राससुद्धा नाही. तेवढ्या बचतीपायी वरचे दोन्ही मजले गमवावे लागतात, कारण भरलेलं घर डोक्यावर असताना फुटिंग रुंद करणं फार जिकिरीचं आणि खर्चाचं असतं. हे आकडे अंदाजाचे. प्रत्यक्ष माप तुमच्या खड्ड्यातली जमीन पाहूनच ठरतं.

‘सळ्या दोन फूट वर सोडा.’ एम-२० प्रतीच्या काँक्रीटमध्ये ५०० ग्रेडच्या सळईला ताणात जोड द्यायचा (म्हणजे जुन्या सळईला लागून नवी बांधायची) तर व्यासाच्या सुमारे ५७ पट लांबी लागते : १२ मिमीला ६८ सेंमी, १६ मिमीला ९१. दोन फूट म्हणजे ६१ सेंमीच. शिवाय भूकंपाच्या दृष्टीने (नाशिक वर्षानुवर्षं झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात धरलं गेलंय) हा जोड स्लॅबलगत नको, मजल्याच्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात हवा. म्हणजे सळई स्लॅबच्या वर साधारण साडेचार ते सव्वापाच फूट हवी. २३० मिमी रुंदीचा कॉलमही या हिशेबात बसत नाही. किमान ३०० मिमी धरा.

मग गंज. चार-पाच पावसाळे उघड्या राहिलेल्या सळईची खपली निघते आणि पाणी तिच्या कडेने कॉलमच्या डोक्यात उतरतं. सळ्या वाकवून ठेवल्या तर सरळ करताना वाकलेल्या जागी चिरू शकतात. यावर उपाय स्वस्त आहे : सळ्यांना सिमेंटचं दाट पाणी लावून भोवती कच्च्या (कमी सिमेंटच्या) काँक्रीटचा ठोकळा ओता. मजला चढवायच्या वेळी तो फोडायचा, तारेच्या ब्रशने सळई घासायची, व्यास घटलाय का ते कॅलिपरने मोजायचं.

‘जिना नंतर.’ दहा फुटांच्या मजल्याला सुमारे पावणेसात इंचांच्या १८ पायऱ्या लागतात. दोन वळणांत तीन फूट रुंदीचा जिना सुमारे ६ बाय ९.५ फूट जागा खातो, ४०० चौरस फुटांतला सातवा हिस्सा. नंतर स्लॅब फोडून ही जागा काढली की स्लॅबचं स्टील तुटतं आणि कापलेली कड अधांतरी राहते. आत्ताच चारही बाजूंनी बीम देऊन ते भोक मोकळं सोडा, वर पत्रा टाका, खाली सायकली नि धान्याच्या कोठ्या ठेवा. जागा रस्त्याच्या बाजूला धरली तर वरचा मजला भाड्याने देताना भाडेकरू तुमच्या खोलीतून जात नाही.

संडास-बाथरूमबद्दल मेसेज गप्प आहे. सवयीने ते मागच्या कोपऱ्यात जातं, पुढे वाढीव खोलीही तिकडेच निघते आणि सांडपाण्याचं चेंबर तिच्या मधोमध येतं. स्वयंपाकघर आणि न्हाणी एका भिंतीला पाठीला पाठ लावून घ्या, चेंबर कायम उघड्या राहणाऱ्या मार्जिनमध्ये (प्लॉटच्या हद्दीलगत सोडलेल्या जागेत) ठेवा, वरच्या मजल्याच्या पाइपासाठी स्लॅबमध्ये जागा सोडा. हजार लिटरची टाकी भरली की एक टनाच्या वर जाते. ती कॉलमच्या डोक्यावर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. मागे वाढवायच्या खोलीचा दरवाजा जिथे येणार, तिथे आत्ताच लिंटेल (दरवाजावरची आडवी तुळई) टाका आणि खालची वीट दात न ठेवता सरळ सांध्याने भरा. मग फक्त वीट काढायची असते.

‘परवानगी नंतर.’ पूर्ण तीन मजल्यांचा नकाशा आधीच मांडा, नाहीतर वाढीच्या वेळी मार्जिन आणि एफएसआय (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ती मर्यादा) दोन्ही अडतात. परवानगीला मुदत असते, ती लिहून ठेवा.

‘इंजिनीअरला पैसे कशाला?’ त्याच्याकडून एक कागद हवाच असतो : तळमजला अधिक दोन धरून केलेलं फुटिंग, कॉलम आणि सळ्यांचं ड्रॉइंग. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक जाळीवर टेप धरून फोटो काढा आणि ड्रॉइंगसोबत ठेवा. दहा वर्षांनी येणाऱ्या इंजिनीअरला जमिनीखाली काय आहे, हे त्यावरूनच कळेल. फोटो नसतील तर त्याला जोत्यालगत खड्डा घेऊन फुटिंग उघडं करावं लागेल.