१०,०००, १,००० आणि २००

हे तिन्ही आकडे आपल्याच देशातल्या म्हाताऱ्या माणसांच्या महिन्याच्या पेन्शनचे आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली. किमान दहा वर्षं सरकारी नोकरी झालेल्याला महिना किमान १०,००० रुपये मिळतील, असं तिच्यात ठरलं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. कारखाने, सहकारी संस्था, एसटी, खाजगी कंपन्या इथून निवृत्त झालेल्यांसाठी ईपीएस-९५, म्हणजे १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना आहे. तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये झाली आणि पुढची दहा वर्षं तिथंच थांबली. आणि ज्याच्या मागे कुठलीच नोकरी नाही अशा दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून २०० रुपये. ऐंशी वर्षं पूर्ण केली तर ५००.

डाळ, गॅस आणि रक्तदाबाची गोळी मात्र तिघांना एकाच भावाने घ्यावी लागते.

मी निवृत्त शिक्षक आहे आणि मला जुनी पेन्शन मिळते, म्हणजे बाजारावर न अवलंबलेली, शेवटच्या पगाराच्या निम्मी. माझा महागाई भत्ता मी न मागता वाढतो. माझा थोरला भाऊ साखर कारखान्यात फिटर होता. गळीत हंगामात रात्रपाळ्या करून त्याने उभी हयात तिथं काढली. मी शिकलो तो त्याच्या पगारावर. आज त्याची पेन्शन दोन हजारांच्या आत आहे, आणि निवृत्त झाला त्या महिन्यात जेवढी होती जवळपास तेवढीच आहे. तो गेला तर वहिनीला त्याच्या निम्मी, फार तर किमान रकमेपर्यंत वाढवून मिळेल. मला हा फरक कुठल्याही तर्काने पटवून घेता येत नाही.

दादाला कुणी फुकट काही देत नाहीये, हे आधी समजून घ्या. मालकाने पीएफसाठी भरायच्या रकमेतले पगाराच्या ८.३३ टक्के दरमहा या पेन्शन फंडात गेले. पण ते कशावर मोजायचे? १९९५ मध्ये ५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर, २००१ पासून ६,५०० वर आणि २०१४ पासून १५,००० वर. पगार त्याहून जास्त असला तरी बहुतेकांचा हिशोब या मर्यादेपुरताच झाला. हा पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०, अशी पेन्शन निघते. आजच्या मर्यादेवर पस्तीस वर्षं धरली तरी उत्तर ७,५०० येतं. त्यात महागाईसाठी एक पैसा धरलेला नाही. खरं दुखणं हेच आहे.

आता राजकारण बघा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं होतं की जुनी पेन्शन देणार नाही, राज्याला तो बोजा पेलणार नाही. महिनाभरात शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचा प्रचार सुरू झाला आणि भाषा मवाळ झाली. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. शाळा, दवाखाने, तहसील कार्यालयं ओस पडली. समिती नेमली गेली आणि पुढे सुधारित योजना आली. तो संप मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. नव्या मुलांना बाजाराच्या भरवशावर म्हातारपण काढायला लावू नये.

पण दादाने संप करायचा तो कशाचा? त्याने काम थांबवलं तर कुणाचंच काही अडत नाही. बुलढाण्यात ईपीएस-९५ चे पेन्शनर २०१८ पासून साखळी उपोषणाला बसले. सत्तरी ओलांडलेली माणसं दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन आली. मागणी साधी: किमान ७,५००, त्यावर महागाई भत्ता आणि नवरा-बायकोला मोफत उपचार. देशभरात हे पेन्शनर पाऊण कोटीच्या वर आहेत. पण ते गावोगाव विखुरलेले आहेत, त्यांचा स्वतंत्र मतदारसंघ नाही. प्रत्येक खासदार निवेदन घेतो, फोटो काढतो.

सगळ्यात वाईट अवस्था तिसऱ्या गटाची. राज्याचा वाटा धरून श्रावणबाळ योजनेत १,५०० रुपये मिळतात. अट काय? पासष्ट वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. म्हणजे महिना १,७५० रुपये. इतक्या पैशात अख्खं कुटुंब आज कुठं जगतं? हा दाखला तलाठ्याकडून आणायचा म्हणजे आयुष्यभर सरळ वागलेल्या बाईला उतारवयात खोट्यावर अंगठा उठवायला लावणं आहे. तेच सरकार लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांची मर्यादा ठेवतं. ती योजना पासष्टीला थांबते. म्हणजे हातपाय चालतात तोवर अडीच लाखांच्या आतली बाई गरजू, आणि पासष्टी ओलांडली की तिनं २१,००० च्या आत असल्याचं सिद्ध करायचं. वर अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या पसंतीचा कार्यकर्ता. पेन्शन 'आपल्या साहेबांनी' दिली, असं त्या म्हातारीला वाटावं, अशीच ही मांडणी आहे.

आरोग्याचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न विचारता आयुष्मानमध्ये ५ लाखांचं संरक्षण मिळालं. हे चांगलं झालं, कुणी केलं ते न बघता चांगलंच म्हणायला हवं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतं. साखर, रक्तदाब, सांधे यांच्या रोजच्या गोळ्यांना त्याचा उपयोग नाही, आणि म्हाताऱ्यांच्या घरातला पैसा खरा तिथंच जातो.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. ईपीएस फंडात तूट आहे, असं सरकार सांगतं. मग त्या फंडातला केंद्राचा वाटा १९९५ पासून पगाराच्या १.१६ टक्क्यांवर का थांबला, यावर संसदेत बोला. एकदम ७,५०० जमत नसतील तर टप्प्याटप्प्याने द्या. पण तिन्ही गटांच्या किमान रकमेला महागाई निर्देशांक कायद्यानेच जोडा. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता २०१६ मधल्या शून्यावरून २०२५ पर्यंत ५० टक्क्यांच्या वर गेला, तेव्हा हे मोजायचं कसं हे सरकारला उत्तम ठाऊक आहे.

ते होत नाही याचं कारण मला एकच दिसतं. आपोआप वाढणाऱ्या पेन्शनची घोषणा करता येत नाही. तिचं बॅनर लागत नाही, कुणाचा फोटो लागत नाही. निवडणुकीआधी पाचशे रुपये वाढवले की टाळ्या पडतात. त्यामुळे रक्कम गोठवून ठेवायची आणि मतं हवी तेव्हा थोडी वितळवायची, हे सगळ्या पक्षांना सोयीचं पडलंय.

आमच्या तालुक्यातल्या निवृत्त शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: ईपीएस-९५ आणि श्रावणबाळच्या रकमेला महागाईशी जोडावं आणि २१,००० ची अट रद्द करावी. आमच्याकडे संघटना आहे, निवेदन लिहायची सवय आहे, मंत्रालयात ओळखी आहेत. आपला प्रश्न सुटला म्हणून सतरंजी गुंडाळू नका, एवढीच माझ्या पेन्शनर मित्रांना विनंती. ज्यांच्या तालुक्यात अशी संघटना आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा, ठरावाचा मसुदा पाठवतो.