चिमीचा सिनेमा बघायचा कुठे?

२०२५ च्या २३ सप्टेंबरला, मंगळवारी दुपारी राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराचा कार्यक्रम लाइव्ह लागला होता तो आम्ही घरी सगळ्यांनी बसून बघितला, म्हणजे मी, सासूबाई आणि माझी आठ वर्षांची लेक. नवरात्राचा दुसरा दिवस, घरात घट बसलेले, सासूबाईंचा उपास, त्यामुळे कुठं बाहेर जायचं नव्हतंच. मी काही सिनेमातली जाणकार वगैरे नाही, महिन्याला एखादा सिनेमा बघणारी साधी प्रेक्षक आहे. पण त्या दिवसापासून डोक्यात जे चाललंय ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आधी चांगलं सांगते. मला हा कार्यक्रम मनापासून आवडतो कारण त्यात कार्यक्रमच नसतो. नाच नाही, कुणाची खिल्ली उडवणारे अँकर नाहीत, मधेमधे जाहिरातवाल्यांचे पुरस्कार नाहीत. विज्ञान भवन, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उभ्या, नाव पुकारलं की माणूस चालत येतो, नमस्कार करतो, पदक आणि प्रमाणपत्र घेतो आणि जातो. शाहरुख खान असो नाहीतर आपण कधी नाव न ऐकलेला साऊंडवाला असो, सगळ्यांना तेवढीच पावलं चालायची आणि तेवढाच वेळ. खासगी चॅनलच्या सोहळ्यात तंत्रज्ञांचे पुरस्कार कधी उरकले ते कळतही नाही, इथं संकलकाचं आणि वेशभूषाकाराचं नावसुद्धा राष्ट्रपतींच्या समोर घेतलं जातं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि मग आली त्रिशा ठोसर! 'नाळ २' मधली चिमी. एवढीशी पोर साडी नेसून त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये टुकूटुकू चालत गेली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. पहिल्या रांगेत शाहरुख, राणी मुखर्जी, विक्रांत मॅसी बसलेले, तेही कौतुकानं टाळ्या वाजवतायत. सासूबाईंनी तर टीव्हीसमोरच कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. कमल हसनने पण तिचं कौतुक केलं, मला पहिला पुरस्कार मिळाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तू माझा रेकॉर्ड मोडलास अशा अर्थाचं लिहिलं. तिच्या बरोबरीनं श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि 'जिप्सी' मधला कबीर खंदारे, म्हणजे त्या वर्षीच्या पाच बालकलाकारांपैकी चार पोरं मराठी सिनेमातली. श्रीनिवासला तर पहिल्या 'नाळ'साठीही हाच पुरस्कार मिळालेला आहे. ऊर भरून आला अक्षरशः.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, हिचा सिनेमा आपण बघितलाय का गं?"

नाही बघितला.

बघायचा नव्हता असं नाही. पहिला 'नाळ' आम्हाला इतका आवडला होता की दुसरा येणार कळल्यावर आम्ही वाटच बघत होतो. २०२३ च्या दिवाळीत १० नोव्हेंबरला तो लागला. दिवाळीत घरात पाहुणे, फराळ, भाऊबीज, हे सगळं आवरून पुढच्या रविवारी आम्ही आमच्या गावातल्या एका थिएटरला गेलो. ऑनलाइन दुपारी तीनचा शो दिसत होता. जाऊन बघतो तर खिडकीवरचा मुलगा म्हणतो तो शो काढला, तिथं हिंदीचा वाढवलाय, तुम्हाला त्याची तिकिटं देऊ का. आम्ही उद्या येतो म्हटलं तर उद्याचं काही सांगता येत नाही म्हणाला. त्याची काय चूक. लेक तेव्हा सहा वर्षांची, तिला मी चैत्याचा, म्हणजे 'नाळ' मधल्या त्या पोराचा, सिनेमा बघायला जायचं सांगून तयार केलं होतं, तिला काय सांगायचं तेच कळेना. घरी आलो. मग राहून गेलं ते राहूनच गेलं.

मला याचंच वाईट वाटतंय. ज्या सिनेमाला शो मिळत नाही त्यालाच दोन वर्षांनी देशातला सर्वोत्कृष्ट बालचित्रपट म्हणतात आणि त्यातल्या पोरांना राष्ट्रपती पदक देतात. तोपर्यंत चिमी बघायला हवी होती ती सहा वर्षांची पोर आठ वर्षांची झालेली असते.

आता मोठ्या पुरस्कारांबद्दल. 'ट्वेल्थ फेल' ला सर्वोत्कृष्ट चित्रपट मिळाला याचा मला खूप आनंद झाला, आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं घराघरात आहेत, त्यांच्या आईबापांनी तो सिनेमा रडत रडत बघितलाय. विक्रांत मॅसीचा पुरस्कार तर शंभर टक्के त्याच्याच हक्काचा. शाहरुखबद्दल मात्र मला वेगळं वाटतं आणि मी त्याची कॉलेजपासूनची फॅन आहे म्हणूनच लिहिते. १९९२ ला पहिला सिनेमा आला, तेहेतीस वर्षांनी पहिला राष्ट्रीय पुरस्कार आणि तो 'जवान' साठी? 'स्वदेस' चा मोहन भार्गव आठवा. रेल्वे स्टेशनवर त्या पोराकडून पंचवीस पैशाचं पाणी घेताना त्याचा चेहरा आठवा. त्या वर्षी पुरस्कार सैफला 'हम तुम' साठी गेला होता. योग्य कामाला योग्य वेळी दाद मिळाली पाहिजे, नंतर कधीतरी भरपाई केल्यासारखी नको, असं मला अगदी मनापासून वाटतं. 'द केरला स्टोरी' ला मिळालेल्या दिग्दर्शनाच्या पुरस्कारावरून बराच वाद झाला पण तो सिनेमा मी बघितलेला नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही.

सासूबाईंचं लक्ष मात्र एकाच नावाकडे होतं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, 'श्यामची आई'. राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले तेव्हाचं पहिलं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' लाच मिळालं होतं. आणि आता सत्तर वर्षांनी त्याच साने गुरुजींच्या पुस्तकावरच्या सुजय डहाकेच्या सिनेमाला मराठीचा पुरस्कार. सासूबाईंनी जुना सिनेमा लहानपणी शाळेतर्फे बघितलाय, त्यात आई झालेल्या वनमालाबाईंचं नाव काढलं तरी त्यांचे डोळे भरतात. त्यातला श्याम झालेले माधव वझे याच वर्षी मे महिन्यात गेले, ते हे बघायला हवे होते असं त्या दोनदा म्हणाल्या. न्यूज चॅनलवर संध्याकाळी हे सगळं किती दिसलं? शाहरुखचे केस, शाहरुखचा सूट, राणीची गळ्यातली चेन. 'श्यामची आई' चं नाव खालच्या पट्टीत सरकत गेलं. मराठी चॅनलवरसुद्धा! 'आत्मपॅम्फ्लेट' साठी आशीष बेंडेला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, तो सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आलेला, त्यावर एक मिनिट कुणी बोललं नाही.

सासूबाईंनी विचारलं, नवीन 'श्यामची आई' कुठं लागलाय? तोही त्याच दिवाळीत आला होता आणि आमच्याकडून तसाच राहून गेला होता. आता लेकीला चिमी बघायची आणि सासूबाईंना श्याम बघायचा आणि दोघी माझ्या तोंडाकडे बघतायत.

मला तेव्हा आमच्या माहेरचा रविवार आठवला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमे लागायचे, पुरस्कार मिळालेले. कधी बंगाली, कधी मल्याळम, कधी आसामी. आमचे अण्णा शाळामास्तर. खाली इंग्रजीत अक्षरं यायची ती अण्णा वाचून आईला मराठीत मोठ्यानं सांगायचे, आणि आई मटार सोलत नाहीतर तांदूळ निवडत ऐकायची. शेजारच्या काकू पण यायच्या. अँटेना हलली की भाऊ कौलावर चढायचा. केरळ कुठं आहे हे मला नकाशात नंतर कळलं, तिथल्या नावा आणि नारळ आणि तिथली भांडणारी सासू आधी कळली. यावेळी मल्याळम सिनेमातल्या मोहनलालना दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना बघून सगळा हॉल उभा राहिला तेव्हा मला अण्णांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. त्या काळी पुरस्कार मिळाला म्हणजे सिनेमा आपल्या घरी येणार एवढं तरी नक्की होतं.

आता एवढे मोबाईल, एवढे ॲप, आणि तरी पुरस्कार मिळालेला सिनेमा शोधत बसायचं. एक सिनेमा एका ॲपवर, दुसरा दुसऱ्या, तिसरा कुठंच सापडत नाही, आणि दर वेळी वेगळे पैसे. सासूबाईंनी काय करायचं? गावाकडच्या माणसानं काय करायचं?

माझं म्हणणं फार मोठं नाहीये. पुरस्कार जाहीर होतात आणि सोहळा होतो यात दीडेक महिना जातो. यावेळी १ ऑगस्टला जाहीर झाले होते. या दिवसांत दर रविवारी दुपारी एक सिनेमा दूरदर्शनवर दाखवा, मराठीतले सह्याद्रीवर दाखवा. झेडपीच्या शाळांमध्ये 'नाळ २' दाखवा, बऱ्याच शाळांत टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर असतो. आणि थिएटरवाल्यांना हात जोडून सांगते, पुरस्काराच्या आठवड्यात सकाळचा एक शो तरी परत लावा. १९५४ नंतर देशातलं पहिलं बक्षीस परत मराठीला यायला 'श्वास' पर्यंत पन्नास वर्षं लागली, त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' आले. एवढ्या चांगल्या सिनेमांना बघायला माणसं मिळत नाहीत असं म्हणतात. माणसं आहेत हो. तिकीट काढायला खिडकीपर्यंत आलेली माणसं परत गेलीत.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी रात्रीच विचारलं, 'नाळ २' किंवा 'श्यामची आई' थिएटरला लागला तर कोण कोण येणार. सकाळपर्यंत एकतीस जणांची नावं आली, त्यात नऊ पोरं आणि सहा आज्या. आमच्या भागातलं कुठलंही थिएटर एक शो लावायला तयार असेल तर मला मेसेज करा, वार आणि वेळ तुम्ही सांगा, पैसे मी आधी गोळा करून देते.