प्रेत काढून टाक, मंद्या

"दुसऱ्या अंकात प्रेत सापडतं," मंद्या म्हणाला आणि अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? थ्रिलर आहे अण्णा!"

मंद्या यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक लिहितोय. दिवसा इथं नाशिकात अंबडच्या कंपनीत क्वालिटी बघतो, रात्री हा उद्योग. इंदिरानगरातलं जोडपं, लग्नाला अकरा वर्षं, सात वर्षांची मुलगी. भांडणतंटा नाही, नुसतं बोलणं आटलेलं. शेवटी दोघं विवाह समुपदेशनाला जातात आणि पहिला अख्खा अंक त्या एका खोलीत घडतो. कॉलेज रोडच्या आमच्या कट्ट्यावर त्यानं तो वाचून दाखवला. मला तर आवडला. एक जागा विशेष. समुपदेशक बाई विचारतात, "सकाळ कशी जाते तुमची?" बायको सांगते, "हा आठला डबा घेऊन निघतो. काल भेंडी दिली होती, आवडली म्हणाला." नवरा मान डोलावतो. प्रेक्षकांना तोवर कळलेलं असतं की याची नोकरी आठ महिन्यांपूर्वीच गेलीय आणि तो डबा रोज गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला बाकावर बसून उघडतो. तरी घराचा हप्ता दर महिन्याला वेळेवर जातो. पैसे कुठून येतात, ते बायकोला माहीत नाही. बँकेचा लॉकर तिनं वर्षभरात उघडलेला नाही.

एवढं सगळं हाताशी असताना याला प्रेत कशाला हवं?

"प्रेक्षक झोपेल," बाळ्या म्हणाला. तो मंद्याच्या बाजूनं. बाळ्याला कुठलीही गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत पेटायला हवी असते. "नोकरी गेली हे काय गुपित आहे? आमच्या गल्लीत चौघांची गेलीय."

अण्णांनी साईखेडकर नाट्यगृहात हौशी नाटकांची प्रकाशयोजना बरीच वर्षं केलीय, त्यामुळे प्रेक्षक कधी झोपतो हे ते बूथमधून बघत आलेत. "बाळ्या, पुराला आपण रामकुंडावर कशाला जातो? नदी बघायला नाही जात. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला जातो. गुडघा, कंबर, छाती. गळ्याशी आलं की सगळी गर्दी गप्प होते. तिथं प्रेत वाहत आलं पाहिजे असं कुणी म्हणतं का?"

बाळ्या थोडा वरमला, पण हरला नाही. "पाणी वाढतंय हे दिसतं तरी. इथं दोन माणसं खुर्चीत बसलीत. वाढतंय काय?"

प्रश्न रास्त होता. त्यावर खरं उत्तर दिलं वकीलबाईंनी. त्या इथल्याच कौटुंबिक न्यायालयात प्रॅक्टिस करतात. तोवर फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"वाढतंय ते समुपदेशक बाईंच्या डोक्यावरचं ओझं," त्या म्हणाल्या. "मंद्या, तुझ्या बाई दोघांना वेगवेगळं भेटतात ना? मग नवरा एकटा असताना नोकरीचं सांगून टाकतो. आता पुढच्या बैठकीत बायको भेंडीची गोष्ट सांगतेय आणि बाईंना सगळं माहीत आहे. त्या गप्प बसल्या तर त्याच्या लबाडीत सामील. बोलल्या तर विश्वासघात. म्हणून बरेच समुपदेशक पहिल्याच भेटीत बजावतात, एकट्यानं सांगितलेलं मी जोडीदारापासून लपवून ठेवणार नाही. काही जण लपवतातही. तुझ्या बाईंनी हे सुरुवातीला सांगितलंच नाही, एवढं दाखव. तुझा थ्रिलर तिथं सुरू होतो."

मंद्यानं खिशातून पेन काढलं.

"आणि बायको या माणसाला घाबरते का, ते आधी ठरव. घाबरत असेल तर दोघांना समोरासमोर बसवणं हीच चूक. तिथं मोकळेपणानं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत ती मोजणार. आधी एकटीला विचारायला हवं."

पुढचा तास कायद्यात गेला. मला त्यातलं निम्मं नवीन होतं, पण थ्रिलरचा मसाला कायद्यात एवढा असेल असं वाटलं नव्हतं. मंद्यानं परस्पर संमतीच्या घटस्फोटातले सहा महिने घड्याळासारखे वापरले होते. अर्ज केला, आता सहा महिने थांबा, तोवर गुपित फुटतंय का बघा. वकीलबाईंनी ते मोडीत काढलं. सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये सांगितलंय की ही मुदत पाळणं सक्तीचं नाही. समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी-ताबा सगळं मिटलं असेल, वेगळं राहून पुरेसा काळ गेला असेल, तर कोर्ट ती माफ करू शकतं.

"मग माझं घड्याळ गेलं," मंद्या हिरमुसला.

"उलट चांगलं झालं. मुदत माफ करा असा अर्ज दोघांपैकी कुणाच्या आग्रहानं होतो, ते दाखव. घाई कुणाला आहे? आणि का?"

बाळ्यानं पॉइंट काढला, हे दोघं तर एकाच फ्लॅटमध्ये राहतात, वेगळं राहणं कसं धरणार? तर म्हणे, धरतात. नवराबायको म्हणून नांदत नसतील तर एका छपराखाली असूनही ते कायद्यानं वेगळे, हे सुप्रीम कोर्टानं 1991 मध्येच म्हटलंय. एकाच फ्रीजमधलं दूध दोघं पिताहेत आणि कायद्याच्या लेखी वेगळे राहताहेत. मंद्याच्या प्रेतापेक्षा मला हे जास्त अंगावर आलं.

मग रेकॉर्डिंग निघालं. बायको नवऱ्याचं फोनवरचं बोलणं गुपचूप टेप करतेय असं मंद्याला घालायचं होतं. अण्णांना ते पटेना. "नवराबायकोतलं बोलणं कोर्टात चालतं होय?" पुराव्याच्या कायद्यात तसं संरक्षण आहे खरं. पण जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की नवराबायकोच्याच आपसातल्या खटल्यात असं चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल. अण्णा बराच वेळ कुरकुरत राहिले. त्यांचं म्हणणं, मग घरात बोलायचं कुणी? वकीलबाई म्हणाल्या, चोरून टेप करायची वेळ येते तेव्हा त्या घरातलं बोलणं आधीच संपलेलं असतं.

माझं मत मी तेव्हा सांगितलं आणि अजून तेच आहे. अशा गोष्टीत गुपित मोठं असावं लागत नाही. ते कुणाकुणाला माहीत आहे आणि त्यातलं कोण बोलू शकत नाही, यावर सगळं उभं असतं. शेवटी कळलं की नवऱ्यानं खून केलाय, की प्रेक्षक हुश्श करतो. खुनी माणूस आपल्या घरात नसतो. लॉकरमधलं बायकोचं सोनं गहाण टाकून हप्ते भरणारा, रोज डबा नेणारा, भेंडी आवडली म्हणणारा माणूस मात्र शेजारच्या खुर्चीत बसलेला असू शकतो.

"पण फुटणार कसं ते?" बाळ्या. त्याला शेवट हवाच होता. "बाईंनी तोंड उघडायचं नाही, नवरा सांगणार नाही."

"मुलगी," वकीलबाई म्हणाल्या. "नवराबायको कोर्टाच्या समुपदेशकाकडे काय बोलले ते गुप्त राहतं. पण मुलाच्या ताब्याचा वाद असला आणि समुपदेशक मुलाशी बोलला, तर तो अहवाल कोर्टापुढे येऊ शकतो. सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये त्याला गुप्ततेतून वगळलंय. मंद्या, तुझ्या मुलीची शाळा कधीतरी लवकर सुटली असेल ना? तिला कोण घ्यायला आलं?"

कुणीच काही बोललं नाही. मंद्या लिहीत होता. बाबा भरदुपारी शाळेच्या फाटकात. आइस्क्रीम. आईला सांगायचं नाही हं.

"प्रेत काढलं," तो म्हणाला.

अण्णा लगेच हिशेबाला लागले. "सेट स्वस्तात होईल. तीन खुर्च्या, एक टेबल."

"चार खुर्च्या," वकीलबाई म्हणाल्या.

आता सात वर्षांची मुलगी आणायची कुठून, यावर बाळ्यानं आपली भाची सुचवली. ती स्टेजवर गेली की रडते, असं अण्णांचं म्हणणं. रडली तर चालेल का यावर पुन्हा दोन तट पडले आणि टपरीवाल्यानं शटर ओढलं तरी ते मिटलं नव्हतं.