जमीन सरकारची, मागणारंही सरकारच, मग अडलंय कुठे?

आमच्या वस्तीतल्या त्या रिकाम्या प्लॉटचा सातबारा कुणीही काढून बघा. कब्जेदाराच्या रकान्यात महाराष्ट्र शासन, पुढे एका खात्याचं नाव. जमीन मागणारी यंत्रणाही सरकारीच आहे, तिला तिथे दवाखाना बांधायचाय. मंजुरी झाली, नकाशा झाला, पैसेही आले होते. जागा ताब्यात नाही म्हणून ते मुदतीत खर्च झाले नाहीत आणि परत गेले. जमीन मात्र एका सरकारी नावावरून दुसऱ्या सरकारी नावावर जायला कित्येक वर्षं पुरलेली नाहीत. खात्यांची नावं मी घेत नाही. नाशकात कुठल्याही दोन खात्यांची नावं टाका, गोष्ट हीच निघेल.

आम्ही दिंडोरी रोडच्या बाजूला राहतो. लहान बाळांचे डोस देवळाच्या ओट्यावर होतात. सिस्टर लसींचा निळा डबा घेऊन येतात, वजनकाटा ओट्याच्या अँगलला दोरीने टांगतात, आणि पावसाची झड आली की डबा, रजिस्टर आणि बायका सगळ्याच गाभाऱ्याच्या दाराशी सरकतात. जुलैत एका ओल्या बाळंतिणीला त्या निसरड्या फरशीवर उभं राहिलेलं मी पाहिलंय. म्हाताऱ्या माणसाला साधी शुगर तपासायची तर पंचवटी कारंज्याला जायचं, तिथून दुसरी रिक्षा. आणि ओट्यावरून मान वळवली की समोर तो प्लॉट दिसतो. कमरेएवढं गाजरगवत, लोळलेली तार आणि गंजलेली पाटी: ही जागा शासकीय मालकीची आहे, अतिक्रमण करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.

त्या पाटीलाच टेकून भंगाराचं शेड उभं आहे. पलीकडच्या कोपऱ्यात गाड्या धुतात. त्यांनी कुणाची ना हरकत आणली? कुठला प्रस्ताव सादर केला? रातोरात पत्रे ठोकले, लाइट आली, धंदा सुरू. म्हणजे सरकारी जमीन बळकावायला एक रात्र पुरते, आणि सरकारलाच सरकारी कामासाठी ती मिळत नाही! संताप येतो तो याचा.

कागद कसा फिरतो ते आता मला तोंडपाठ झालंय. मागणी करणाऱ्या यंत्रणेने प्रस्ताव द्यायचा. तो तहसीलला जातो, तिथून मंडळ अधिकारी आणि तलाठी यांच्याकडे. स्थळपाहणी, पंचनामा. मग भूमी अभिलेखकडून मोजणी आणि क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. मग नगररचनाचा अभिप्राय आणि मूल्यांकन. ज्या खात्याची जमीन आहे त्याची ना हरकत. मग प्रांत, जिल्हाधिकारी, गरज पडली तर विभागीय आयुक्त, आणि शेवटी मंत्रालय. प्रत्येक ठिकाणी आधी बारनिशी म्हणजे आवक नोंद, मग कार्यासन म्हणजे कामाचं टेबल, मग टिपणी, मग "साहेब दौऱ्यावर आहेत".

आणि प्रत्येक ठिकाणी त्रुटी. एका वेळी सगळ्या त्रुटी काढतील तर शपथ! आधी म्हणाले सातबारा जुना आहे, नवा जोडा. अहो, डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो, आणि तो महसूल खात्याचाच आहे. स्वतःच्या दप्तरातला उतारा दुसऱ्याकडून मागवायचा आणि तो येईपर्यंत नस्ती म्हणजे फाइल बांधून ठेवायची. तो जोडला तर मोजणीचं क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळत नाही. नसेलच जुळत! १९८२ ला महापालिका झाली, आजूबाजूची गावं शहरात आली, मधून रस्ते गेले. नोंदी दुरुस्त करायचं काम कुणाचं होतं? दवाखान्यात येणाऱ्या पेशंटचं? ते निस्तरलं तर ना हरकतीवर तारीख आहे पण जावक क्रमांक नाही. मग पुन्हा "फेरसादर करावे".

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ती ना हरकत. ज्या खात्याच्या नावावर जमीन आहे त्याने तिथे इतक्या वर्षांत एक वीट रचलेली नाही. विचारलं की उत्तर तयार: भविष्यात आम्हाला लागू शकते. सरकारी जमीन देण्याच्या आदेशात बहुतेक वेळा अट असते, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या कामासाठी वापरली नाही तर जमीन परत सरकारजमा. सामान्य माणसाकडून शर्तभंग झाला की नोटीस घरी येते. खात्याने जमीन ओसाड टाकली तर कोण नोटीस काढतं? जणू ती जमीन त्यांच्या आजोबांनी घेऊन ठेवली होती. जमीन राज्याची आहे, खात्याकडे फक्त सांभाळायला दिलीय, आणि सांभाळली कशी ते भंगाराच्या शेडकडे बघितलं की कळतं.

कायदा नाही असं कुणी सांगू नका. जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, सरकारी जमिनींची विल्हेवाट लावण्याचे नियम १९७१ चे. सार्वजनिक कामासाठी महसूलमुक्त आणि भोगवटामूल्यरहित, म्हणजे सारा आणि किंमत न घेता, जमीन दिल्याचे आदेश निघतात, कुणालाही वाचायला मिळतात. आणि वेळेचं म्हणाल तर त्याचाही कायदा आहे, २००५ चा, ज्याला आपण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो. त्याचं कलम १० सांगतं की सर्वसाधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. हे विधिमंडळाने केलंय. आमच्या फाइलवरून कुणावर कारवाई झाली? एकाही टेबलावर कुणाला जाब विचारलेला मी ऐकला नाही.

आणि जमत नाही हे तर अजिबात खरं नाही. सिंहस्थ आला की याच नाशकात सगळी खाती एका सभागृहात बसतात. २०१५ ला पाहिलं, २०२७ साठी परत पाहतोय. बैठकीतच विचारलं जातं, तुमची हरकत काय, कधीपर्यंत देता. साधूंसाठी, भाविकांसाठी हे झालंच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ओट्यावर भिजणाऱ्या बाळासाठी अशी एक बैठक का लागत नाही? सगळ्या खात्यांचे संबंधित कारकून, सर्व्हेअर आणि अधिकारी एका दुपारी एका टेबलाभोवती बसवले तर निम्म्या त्रुटी चहा येईपर्यंत निघतील.

त्यात आता साहेबांची बदली झाली. नवीन साहेब म्हणतात, मी जागा पाहिलेली नाही, पुन्हा स्थळपाहणी लावा. आधीचा पंचनामा नस्तीत आहे, फोटो आहेत, सह्या आहेत. माणूस बदलला म्हणून जमीन हलली का जागची?

आमच्या मागण्या लेखी दिल्या आहेत, पोच घेतली आहे. नस्ती आज कुठल्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि सात दिवस उलटले असतील तर कुणामुळे, हे नाव आणि हुद्द्यासकट कळवा. शिल्लक त्रुटी एकाच पत्रात द्या. मंजुरीचा अंतिम आदेश निघेपर्यंत आगाऊ ताबा द्या, म्हणजे पुढचा निधी तरी परत जाणार नाही. पोचेवर शिक्का मारणारे म्हणाले, "बघू, वर पाठवतो." वर म्हणजे कुठे, ते विचारलं तर उत्तर नाही. म्हणून माहिती अधिकाराचा अर्जही टाकलाय. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागेल, आणि नाही दिलं तर आम्ही अपिलात जाणार.