दहाच किलोमीटर ना बे?

नागपूर सपाट आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, आणि जिकडे जावं तिकडे जवळपास तेवढंच. इथली माणसं छिंदवाडा-तामिया करत पचमढीला जातात, सातपुडा राष्ट्रीय उद्यानातल्या एखाद्या गोल पायवाटेबद्दल ‘मध्यम’ असं ऐकतात आणि म्हणतात, “दहाच किलोमीटर ना बे? फुटाळा तलावावर रोज चालतोच की आपण!”

फुटाळ्यावर चालतो, मान्य. पण तिथं दम लागला की भुट्टेवाला दिसतो आणि कंटाळा आला की रिक्षा. जंगलात भुट्टा मिळत नाही आणि गाइड पाठीवर घेत नाही.

वेळेचा हिशेब आधी करावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक ठोकताळा दिला: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटर वाट आणि ४०० मीटर चढ असेल तर २ तास ४० मिनिटं. यात त्यानं थांबणं धरलेलं नाही. संत्री सोलणं, मागे राहिलेल्या भावजींची वाट बघणं आणि एकाच झाडाखाली अकरा जणांचे अकरा फोनवर फोटो काढणं बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. आपल्या लोकांसाठी मी सरळ दुप्पट वेळ धरतो आणि वर अर्धा तास. सहा तास समजा. म्हणून सातला निघायचं, आणि सातला म्हणजे सातला. तर्री-पोहे डोंगर उतरल्यावर. चढाआधी तर्री घेतली तर ती वरच्या टोकापर्यंत आपली आठवण देत राहते आणि तहान वाढवते ती वेगळीच.

गोल वाटेला दोन्हीकडून जाता येतं. उभा चढ ज्या बाजूला असेल ती बाजू आधी घ्यावी, म्हणजे उतार लांब आणि सौम्य मिळतो. लोक नेमकं उलटं करतात, कारण सुरुवात सोपी दिसते. चढताना दम लागतो. दोन मिनिटं थांबलं की श्वास परत येतो. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, आणि गेलेला गुडघा थांबून परत मिळत नाही. त्यात इथला दगड वालुकाश्म, त्याची भुसभुशीत रेती वाटेवर पसरलेली, आणि वर सागाची वाळलेली पानं. उतारावर त्या पानांवर पाय पडला की माणूस कॅरमच्या सोंगटीसारखा सुटतो. पावलं लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, हातात काठी असावी. काठीला नाही म्हणणारेच पुढे झाडांना मिठ्या मारत उतरतात.

बूट सीताबर्डीत घ्या नाहीतर कुठंही, पण संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं बुटावर आपटून काळी पडतात. नखं आदल्या दिवशी कापावीत. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीवर घासलं की फोड येतो. टाचेला नुसतं गरम लागलं की तिथंच बसून चिकटपट्टी लावावी. “पुढं गेल्यावर बघू” म्हणणाऱ्याचा फोड सगळ्यांनाच बघावा लागतो.

पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, म्हणजे एकूण ३ लिटर, म्हणजे पाठीवर ३ किलो. ही शेवटची गोष्ट कळली की घरातला एक जण हमखास म्हणतो, “मी बाटली नाही घेत, तुझ्यातलं पिईन घोट घोट.” त्याला वेगळी बाटली द्यावी आणि ती त्याच्याच खांद्याला लटकवावी. एखाद्या लिटरमध्ये चहाच्या चमच्यानं ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवावं.

अत्तर, डिओ घरी ठेवा. आग्या मोहोळाला वास आवडत नाहीत. माकडांसमोर चिवड्याची पिशवी काढू नका. गवा दिसला तर वाट त्याची, आपण थांबायचं आणि हळूच मागं सरायचं. अस्वल अचानक समोर माणूस आला की बिथरतं, म्हणून वळणांवर बोलत चालणं बरं. जंगलात उपयोगी पडणारा आपला हा एकच गुण आहे. मात्र बोलत, ब्लूटूथ स्पीकर लावून नव्हे.

खरा घोळ पाचव्या किलोमीटरला होतो. तिथं कोणीतरी बसतो आणि जाहीर करतो, “आता मागंच जाऊ बाप्पा.” मागंही पाच, पुढंही पाच. परत फिरायचं तर तिसऱ्या किलोमीटरलाच ठरवावं, सगळे हसत असताना. नंतर गाइडला “और कितना?” विचारू नये. तो “बस, सामने ही है” म्हणतो. ते अंतर नसतं, दिलासा असतो. नकाशा निघतानाच फोनमध्ये उतरवून घ्यावा; नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं.

पाय दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात, कधी तिसऱ्या. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, त्याला बारीक इजा होते. त्यामुळे सोमवारी ऑफिसचा जिना चढता येतो, उतरता येत नाही. कठडा धरून उलटं उतरावं, त्रास कमी होतो. साहेब खालून वर येत असतील तर “फाइल वर राहिली का ते बघतोय” म्हणावं.