मीटिंगचा सारांश म्हणजे इतिवृत्त नव्हे

गेले काही महिने एक सल्ला व्हॉट्सॲपवर आणि लिंक्डइनवर सारखा फिरतो आहे. मीटिंग संपली की लॅपटॉप मिटा आणि पुढच्या कामाला लागा. रेकॉर्डिंग झालेलं असतं, एआय पाच मिनिटांत अचूक आणि तटस्थ सारांश पाठवतो, कोणी काय करायचं तेही काढून देतो. मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहीत बसणं हे कारकुनी काम, ते आता सोडा. माझ्या टीममधल्या नव्या मुलामुलींना हे पटू लागलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे. हा सल्ला पाळला तर मीटिंगमध्ये ठरलेलं हवेत विरेल.

रेकॉर्डिंग असलं की काही निसटत नाही, हा पहिला दावा. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकायला पुन्हा तास लागतो, त्यामुळे ते सहसा कोणी ऐकत नाही. वाद झाला की मगच ते उघडलं जातं. आणि बोललं गेलेलं सगळं म्हणजे ठरलेलं नव्हे. कायद्यालाही हा फरक मान्य आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 118 नुसार संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त ठेवावंच लागतं, पण त्यासाठीचं सचिवीय मानक, म्हणजे कंपनी सचिवांच्या संस्थेने घालून दिलेली नियमावली, स्पष्ट म्हणतं की इतिवृत्त शब्दशः असण्याची गरज नाही. मसुदा 15 दिवसांत सर्व संचालकांकडे जातो, त्यांना म्हणणं मांडायला 7 दिवस मिळतात आणि 30 दिवसांच्या आत नोंद वहीत होते. यातले ते 7 दिवस मला सर्वांत मोलाचे वाटतात. तेव्हा प्रत्येकाला विचारलं जातं, की आपलं हेच ठरलं होतं ना? आपल्याकडे सहकारी संस्थांच्या सभेत पहिला विषय असतो मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तिथे ‘मंजूर, मंजूर’ म्हणून पुढे सरकणारे खूप असतात, तरी नोंदीला वजन येतं ते त्या क्षणी. एआयचा सारांश कोणीच कायम करत नाही. तो इनबॉक्समध्ये येऊन पडतो.

दुसरा दावा अचूकपणाचा आणि तटस्थपणाचा. ओपनएआयच्या व्हिस्पर या, बोलणं ऐकून ते लिहून काढणाऱ्या प्रणालीवर 2024 मध्ये अमेरिकी संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ध्वनिफितींपैकी सुमारे 1 टक्का फितींच्या लेखी नोंदीत कोणीही न उच्चारलेली वाक्यं आढळली. बोलणारा जिथे जास्त थांबत होता, तिथे हे अधिक घडलं. 1 टक्का कमी वाटेल, पण रचलेलं वाक्यही खऱ्याइतकंच सफाईदार दिसतं. ते ओळखू शकतो फक्त खोलीत हजर असलेला माणूस. त्यात आपली मीटिंग मराठीत सुरू होते, दिल्लीचा सहकारी आला की हिंदीत जाते आणि आकडे इंग्रजीत येतात. दीड, अडीच, पावणेदोन लाख असले आकडे तर मी सारांशात दरवेळी ताडून पाहतो.

तटस्थपणाचं म्हणाल, तर चांगलं इतिवृत्त जाणूनबुजून काही गोष्टी गाळतं. बदनामीकारक, गैरलागू किंवा कंपनीच्या हिताला बाधक मजकूर वगळण्याचा अधिकार सभेच्या अध्यक्षांना कंपनी कायद्याच्या त्याच कलम 118 ने दिला आहे. रागाच्या भरात निघालेला एखादा शब्द दहा जणांच्या मेलमध्ये पाठवून देणं याला मी तटस्थपणा म्हणणार नाही.

खरं नुकसान होतं ते तिसऱ्या दाव्यामुळे, की कामांची यादी आपोआप निघते. ‘शुक्रवारपर्यंत झालं तर बरं’ असं कोणी म्हणतं, आणि यादीत शुक्रवार ही मुदत होऊन बसते. विषय आटोपता घेण्यासाठी साहेब ‘बघतो मी’ म्हणतात, ते त्यांच्या नावावर काम म्हणून चढतं. दोघांनी मान डोलावली की दोघांची नावं लागतात, मग दोघंही एकमेकांची वाट पाहतात. खरेदी विभागाचं कोणी मीटिंगला नसतं, पण अर्धी कामं त्यांच्याच गळ्यात पडलेली असतात, आणि त्यांना ते आठवड्याने कळतं.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 च्या लेखात दाखवून दिलं, की नुसत्या इराद्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक पद्धतीने करीन’ असं ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता जास्त असते. हे ठरवून घ्यायला समोर माणूस लागतो. म्हणून उठण्याआधी निर्णय मोठ्याने वाचून दाखवा. प्रत्येक कामामागे एकच नाव ठेवा, आणि तारीख त्या व्यक्तीच्याच तोंडून घ्या. काय ठरलं नाही, तेही लिहा. अर्धवट राहिलेले विषयच पुढे डोकं वर काढतात. त्याच दिवशी अर्धं पान मेल करा, हरकतीला दोन दिवस द्या, आणि जो हजर नव्हता त्याला फोन करा. रेकॉर्डिंगची मदत जरूर घ्या, पण ती आकडे आणि नावं पडताळण्यापुरती.

राहिला कारकुनीचा आरोप. कंपन्यांमध्ये हे काम कंपनी सचिव पाहतात, आणि ते पद मिळवायला अवघड परीक्षा द्याव्या लागतात. मात्र या तक्रारीमागचं दुखणं खरं आहे. टिपणं घ्यायला खोलीतली सर्वांत ज्युनिअर व्यक्ती निवडतात, बऱ्याचदा एखादी मुलगी. बढतीला उपयोगी न पडणारी कामं स्त्रियांना जास्त वेळा सांगितली जातात आणि त्या ती जास्त वेळा स्वीकारतात, असं अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या संशोधनात दिसलं. त्यावर उपाय आहे पाळी लावण्याचा, आणि त्या पाळीत साहेबांचंही नाव असावं. ज्याच्याकडे टिपण आहे, त्याला कोणाचंही बोलणं मध्येच थांबवून ‘मग नक्की काय ठरलं? कोण करणार?’ असं विचारण्याचा अधिकार द्या, आणि उत्तर मिळेपर्यंत कोणी खुर्ची सोडू नये.