हेक्टर मोजून झाले, उंचीचं काय?

नवी मुंबई-उरणच्या पाणथळींवरचा वाद मी इथे अमेरिकेतल्या लुइझियानात बसून वाचत असतो. एक बाजू म्हणते खारफुटी मारली, दुसरी म्हणते इथे पाणथळ नव्हतीच. पुरावे दोघांचे सारखेच: नकाशे, उपग्रहाची छायाचित्रं, हेक्टर. तिथला चिखल वर येतोय की बसतोय, हा प्रश्न त्या भांडणात क्वचितच येतो.

इथल्या किनाऱ्यावर तो सुमारे ३९० ठिकाणी विचारला जातो. पोलादी सळ्या पुढे जाईनात तोवर दलदलीत ठोकतात. त्यावर आडवा दांडा बसवून नऊ बारीक काड्या चिखलाला टेकेपर्यंत सोडायच्या, दांडा चार दिशांना फिरवायचा. झाली ३६ मापं. शेजारी फेल्डस्पार या खनिजाची पांढरी भुकटी पसरलेली असते. पुढच्या खेपेला तिथला चिखल कापला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ बसला ते दिसतं. गाळ दहा मिलिमीटर आणि उंची चारच वाढली, तर सहा मिलिमीटर जमीन दबली. हे सगळं फळीवर बसून, कारण एक पाऊल पडलं की माप गेलं. आकडे कुणालाही बघायला खुले.

म्हणून हे लोक फार शहाणे, असं मुळीच नाही. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाची जवळपास ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गेली. मिसिसिपी नदीला बांध घातले, दलदलीचा गाळ तुटला. तेलवाल्यांनी खणलेल्या कालव्यांनी उरलंसुरलं पोखरलं. गाळ परत वळवणारा मिड-बाराटारिया प्रकल्प, खर्च तीन अब्ज डॉलरच्या घरात, काम सुरू झाल्यावर जुलै २०२५मध्ये रद्द झाला. गोड्या पाण्याने आपली कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव, मरतील, ही मच्छीमारांची भीती काही खोटी नव्हती. भांडण कडाक्याचं झालं, पण जमीन खचते का यावर कुणी वेळ घालवला नाही.

आपल्याकडे २०१८मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीतोडीवर राज्यभर बंदी घातली, भोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितला. उत्तमच. पण रस्त्याच्या भरावाने भरती अडली तर झाड उभं राहूनही गाळ येत नाही. पेणच्या खाजणात शेती करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. बांधाआड गाळ न आल्याने खाली राहिलेलं शेत बांध फुटला की खाडीत जातं, ते उगाच नाही.

मला धास्ती वेगळीच आहे. नुसती उंची मोजली तर डेब्रिज टाकलेली जागाही उंच भरेल, आणि तोच आकडा घेऊन कुणी कोर्टात उभा राहील. म्हणून रेघेवर गाळ आहे की डेब्रिज हे दिसायला भुकटीही हवी, आणि डंपर यायच्या आधी.